तळपायाची आग कशाची?

गुडघा दुखला की गुडघ्यात काही बिघडलं असेल, दाढ ठणकली की दाढ किडली असेल, असं आपण धरून चालतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. मज्जातंतूंचं दुखणं मात्र या हिशेबात बसत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते, चादरीचा स्पर्शही सोसत नाही, मधूनच करंट बसावा तशी कळ जाते. आणि दिवा लावून पाहावं तर पायावर ना सूज, ना जखम, ना लाली. विहिरीवरची मोटार धडधाकट असते, स्टार्टर ठीक असतो, पण मधल्या केबलचं आवरण उंदरानं कुरतडलेलं असलं की मोटार कितीही खोला, दोष सापडत नाही. तसंच हे आहे. बिघाड तळपायात नसतो, तळपायाची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या तंतूत असतो. हे दुखणं दुर्मिळही नाही. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभर माणसांत साधारण 7 ते 10 जणांना या जातीची वेदना असते. तरीही तिच्यावर आपल्याकडे सगळ्यात आधी जे केलं जातं, म्हणजे अंगदुखीची गोळी नाहीतर कमरेत इंजेक्शन, तेच सगळ्यात कमी उपयोगाचं ठरतं. या वेदनेचं कारण आधी ओळखावं लागतं, आणि ते ओळखायची बहुतेक साधनं पुण्या-मुंबईत नाहीत, तालुक्यातच आहेत.

बारामती तालुक्यातलंच उदाहरण घ्या. सोमेश्वरनगर हे तिथलं साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव. करंजे, वाणेवाडी, मुरूम, होळ, वडगाव निंबाळकर ही शेजारची गावं; ब्रिटिश काळात निघालेल्या नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस आणि गोठ्यातल्या संकरित गाई. इंदापूरच्या अंगाला भवानीनगरपर्यंत जावं तरी चित्र फारसं बदलत नाही. या एका पट्ट्यात मज्जातंतूंच्या दुखण्याची जवळजवळ सगळी कारणं एकत्र नांदतात. ज्याची मशागत ट्रॅक्टरनं आणि पायपीट मोटारसायकलनं संपवली, त्या बागायतदाराच्या रक्तात साखर वाढलेली असते. दिवाळीच्या आसपास बीड आणि नगरकडून येणारी ऊसतोड मजुरांच्या टोळीतली बाई दिवसभर वाकून कोयता चालवते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. तिच्या कमरेतून पायात कळ उतरते. सकाळ-संध्याकाळ हातानं धारा काढणाऱ्याचा अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं रात्री बधिर होऊन त्याला जाग आणतात, कारण मनगटातल्या अरुंद जागेत तंतू दबलेला असतो. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याचे तंतू दारूनंच झिजलेले असतात. तक्रार सगळ्यांची एकाच शब्दांत येते: मुंग्या येतात, आग होते, चमक निघते. यांना सगळ्यांना एकच गोळी देऊन भागणार नाही.

कारण ओळखण्याची पहिली पायरी यंत्राची नाही, नकाशाची आहे. वेदना अंगावर कुठे आणि कशी पसरली आहे, हे रुग्णानं बोटानं दाखवलं की जाणत्या डॉक्टरचं निम्मं काम होतं. मधुमेहात आणि ब जीवनसत्त्वांच्या कमतरतेत दोन्ही पाय सारखेच धरतात, सुरुवात बोटांपासून होते आणि बधिरपणा मोज्यासारखा वर चढत जातो. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंतचा तंतू शरीरातला सगळ्यात लांब. त्याच्या शेवटच्या टोकाला पोषण पोचवणं सगळ्यात अवघड, म्हणून झीज तिथून सुरू होते. कमरेत तंतू दबला असेल तर कळ सहसा एकाच पायात, कुल्ल्यापासून पोटरीकडे आणि पावलाकडे रेषेसारखी जाते. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. कुष्ठरोगात एखादा चट्टा बधिर असतो, कोपराच्या आतल्या बाजूचा तंतू जाड होऊन बोटाला लागतो आणि करंगळीची ताकद जाते. चेहऱ्याच्या एका बाजूला, दात घासताना किंवा घास चावताना क्षणभर जीवघेणी कळ येत असेल तर तो चेहऱ्याच्या तंतूचा विकार असतो. तो वेळेवर न ओळखल्यामुळे कित्येकांच्या चांगल्या दाढा काढल्या जातात. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2005 मध्ये दहा मुद्द्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आग होते का, झटके बसतात का, मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, असे सात प्रश्न आणि स्पर्श-टोचणीच्या तीन सोप्या चाचण्या. दहापैकी चार किंवा जास्त उत्तरं होकारार्थी आली तर वेदना मज्जातंतूची असण्याची शक्यता मोठी, आणि तज्ज्ञांच्या निदानाशी ती सुमारे 85 टक्के रुग्णांत जुळली. या तपासणीला दहा मिनिटं पुरतात. तिच्यासोबत 10 ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा धागा, कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) आणि रक्तातल्या साखरेची तपासणी एवढं असलं की मोठा भाग उलगडतो.

यातली मधुमेहाची बाजू सगळ्यात मोठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज मांडला. मधुमेह जुना होत जातो तसे जवळजवळ निम्म्या रुग्णांचे मज्जातंतू दुखावतात, आणि त्यातल्या सगळ्यांनाच वेदना होत नाही. कित्येकांना आधी आग होते, मग वर्ष-दोन वर्षांनी ती आपोआप कमी होते आणि घरात समाधान पसरतं की बरं वाटलं. पुष्कळदा झालेलं असतं उलटं: वेदना सांगणारे तंतूच मेलेले असतात. चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि कळत नाही, उसाच्या बुडख्यानं तळवा फाटतो आणि रक्ताचा ठसा फरशीवर दिसल्यावर घरच्यांच्या लक्षात येतं. डॉ. पॉल ब्रँड यांनी 1946 नंतर वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं की या रुग्णांची बोटं रोगानं सडून गळत नाहीत. वेदना नसल्यामुळे रोज होणाऱ्या जखमा, भाजणं आणि त्यावर चालत राहणं यांनी ती झिजतात. मधुमेहाच्या पायाची आज जगभर जी काळजी घेतली जाते, तिच्यामागे हेच निरीक्षण आहे. म्हणून आग थांबली तेव्हाच तळपायाची तपासणी आधीपेक्षा जास्त काटेकोर व्हायला हवी. तुकोबांची पालखी याच पट्ट्यातून, बारामती, सणसर, इंदापूर अशी जाते. वारीत अनवाणी चालण्याचा नेम करणाऱ्या मधुमेही वारकऱ्यानं निघण्यापूर्वी पायाची संवेदना तपासून घ्यावी आणि ती कमी असेल तर नेम मोडावा. देहू ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर फोड आलेला न कळणं हे पाय गमावण्याचं कारण होऊ शकतं.

साखर आटोक्यात ठेवल्यानं तंतू वाचतात का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सरसकट देता येत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या 1993 च्या मोठ्या अभ्यासात टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णांची साखर काटेकोर ठेवली तेव्हा मज्जातंतूंचा विकार सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या टाइप 2 मध्ये मात्र एवढा मोठा फायदा दिसलेला नाही. तिथे वजन, रक्तदाब, चरबी आणि तंबाखू यांचाही वाटा असतो. म्हणजे साखर उतरवली की आग विझेल असं वचन कुणी देऊ नये. पण पुढची झीज थांबवायची दुसरी मोठी वाटही नाही, आणि लवकर सुरुवात केली तर हाती जास्त लागतं.

वेळेचं महत्त्व नागिणीइतकं दुसऱ्या कुठल्या आजारात उघडपणे दिसत नाही. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर दडून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या तंतूच्या वाटेनं बाहेर येतो. म्हणून फोडांचा पट्टा एकाच बाजूला उठतो. पट्ट्याची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो ही समजूत अजून खेड्यापाड्यांत आहे, आणि तिच्या भीतीनं पहिले दिवस नागीण उतरवणाऱ्याकडे, लेप लावण्यात जातात. खरी मुदत दुसरीच आहे. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आवरतो. फोड सुकल्यावरही तीन महिन्यांहून अधिक टिकणारी आग हा नागिणीचा खरा त्रास आहे. साठीनंतर तो जास्त गाठतो आणि काहींना वर्षानुवर्षं अंगात सदरा घालू देत नाही. ‘आमच्याकडे लेपानंच बऱ्या झाल्या’ असं जे सांगितलं जातं ते खोटं नसतं, कारण फोड काहीही न करता दोन-चार आठवड्यांत सुकतातच. लेपाची परीक्षा फोडांवर करून चालणार नाही, मागे राहणाऱ्या वेदनेवर करायला हवी. पन्नाशीनंतर घेता येणारी नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते. ती महाग आहे आणि सरकारी कार्यक्रमात नाही, ही तिची मोठी अडचण.

कंबरेचं दुखणं आलं की घरात एमआरआयचा विषय निघतोच. पैसे जमवून पुण्याला जायचं, फिल्म काढायची, गादी सरकली की नाही ते पाहायचं. इतकं स्पष्ट चित्र मिळत असताना दहा मिनिटांच्या तपासणीवर का थांबायचं, असा आक्षेप कोणीही घेईल. उत्तर 1994 च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. कंबर कधीच न दुखणाऱ्या 98 माणसांचा एमआरआय काढला तेव्हा त्यांतल्या 52 टक्के लोकांत मणक्यातली एखादी तरी गादी फुगलेली निघाली. म्हणजे चित्रात दिसणारी फुगलेली गादी वेदनेचं कारण असेलच असं नाही. वय वाढतं तसे केस पिकतात तशा गाद्याही बदलतात. नकाशा, पायाची ताकद आणि चित्र हे तिन्ही जुळलं तरच शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, आणि पायात उतरणारी कळ बहुतेकांची दोन-तीन महिन्यांत पुष्कळ कमी होते. याला अपवाद आहेत आणि ते पाठ असायला हवेत. लघवी अडकली, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लोंबायला लागलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. तसंच मुंग्या पायातून चार-सहा दिवसांत वर चढल्या आणि सोबत पायांतली शक्ती जाऊ लागली तर थांबायचं नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची (गिलेन-बॅरे सिंड्रोमची) साथ आली तेव्हा या लक्षणाची ओळख महाराष्ट्राला झाली आहे.

आता औषधांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं सूज उतरवून वेदना कमी करतात. मज्जातंतूच्या वेदनेत सूज हे मूळ नसतं, म्हणून त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि मधुमेहानं आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर मात्र त्यांचा भार पडतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं दोन दिवस हलकं वाटतं आणि साखर भडकते. या वेदनेवर ज्या औषधांचा पुरावा आहे ती मुळात दुसऱ्या आजारांसाठी निघाली: ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलॉक्सेटिन नैराश्यासाठी, गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन फिट्ससाठी. चिठ्ठी घेऊन दुकानात गेल्यावर ‘ही तर डोक्याची गोळी’ असं ऐकून माणूस घाबरतो आणि औषध टाकून देतो. पण ॲमिट्रिप्टिलिनची मात्रा इथे बहुधा कमी असते, आणि या सगळ्यांचं काम असतं भडकलेल्या तंतूंचा गोंगाट खाली आणण्याचं. कुणाला वेडा ठरवून ती दिलेली नसते. 2015 मध्ये 229 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा ॲमिट्रिप्टिलिनच्या गटातल्या औषधांनी खोट्या गोळीच्या तुलनेत दर चार रुग्णांमागे जवळपास एकाला, आणि प्रेगाबालिननं दर आठामागे एकाला निम्म्याहून अधिक आराम दिला, असं दिसलं. आकडे लहान वाटतील, पण रुग्णाला ते आधीच सांगायला हवेत. ब्रिटनमधल्या 2022 च्या चाचणीत मधुमेही पायांच्या वेदनेवर ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन आणि प्रेगाबालिन सारखीच चालली. दहापैकी साडेसहाच्या आसपास असलेली वेदना सोळा आठवड्यांत सव्वातीनपर्यंत उतरली, आणि एकट्या औषधानं भागलं नाही तिथे दुसरं जोडल्याचा फायदा झाला. वेदना पार गेली नाही. झोप लागण्याइतकी ती उतरते आणि एवढ्यानं दिवस बदलतो. सोळा आठवडे हा शब्दही महत्त्वाचा आहे. तीन दिवसांत गुण नाही म्हणून डॉक्टर बदलणाऱ्याला कुठलंच औषध लागू पडणार नाही.

सवय लागेल ही भीती अगदीच निराधार नाही. प्रेगाबालिनचा गैरवापर होतो, ते अचानक बंद करू नये, आणि त्यानं गुंगी, तोल जाणं, पायांवर सूज येणं होऊ शकतं. ॲमिट्रिप्टिलिन हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याला जपून द्यावं लागतं. म्हणूनच शेजाऱ्याची चिठ्ठी दुकानात दाखवून औषध घेणं धोक्याचं. कारण ओळखल्याशिवाय तर तेही वाया जातं. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये कमरेतून पायात कळ उतरणाऱ्या 209 रुग्णांवर प्रेगाबालिनची परीक्षा झाली. खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही, फक्त चक्कर जास्त आली. मधुमेहाच्या आगीवर चालणारं औषध कमरेच्या कळेवर चाललं नाही, या एका निष्कर्षात कारण आधी शोधण्याचा सगळा मुद्दा सामावलेला आहे.

ब-12 ची गोष्ट याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळतं. माळकरी घरात त्याचा आधार दूध-दह्यावर असतो आणि ते पुरेसं पोटात जाईलच असं नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानं ब-12 आणखी उतरतं. अशा माणसाच्या पायांतल्या मुंग्या साखरेच्या नावावर खपून जातात. रक्ताची एक तपासणी आणि कमतरता असेल तर ब-12 ची भरपाई, एवढ्यानं त्याची वेदना मुळातून जाऊ शकते, मात्र उशीर झाला तर तोल कायमचा जाऊ शकतो. पण कमतरता नसलेल्याला ‘ताकदीची’ म्हणून दिलेली तीच इंजेक्शनं विशेष काही करत नाहीत, आणि ब-6 तर दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतलं की स्वतःच मज्जातंतू बिघडवतं. एकाला बरं करणारी गोष्ट दुसऱ्याला आजारी पाडते.

घरगुती उपायांना हसण्याचं कारण नाही. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासल्यावर आग शमते, आणि त्यामागे शास्त्र आहे: चोळण्याचा स्पर्श नेणारे जाड तंतू कण्यातल्या पहिल्या थांब्यावर वेदनेची वाट काही काळ रोखून धरतात, असं शास्त्रज्ञ मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडलं. वाटी जरूर घासावी, कातडी शाबूत आहे हे पाहून. तापल्या विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक मात्र बधिर पायाला कधीही देऊ नये, कारण भाजतंय हेच कळत नाही. आणि कागदाच्या पुडीत, नाव-घटक न लिहिता मिळणाऱ्या भुकट्या टाळाव्यात. अमेरिकेत 2008 मध्ये इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली तेव्हा साधारण पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि हे तिन्ही मज्जातंतूंचं विष आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जड आहे. ज्याची उचल फिटायची आहे त्या तोडणी मजुरानं रांगेत कधी उभं राहायचं, आणि सोळा आठवडे एका डॉक्टरकडे कसं जायचं, जेव्हा हंगाम संपून पट्टा पडला की टोळी गावी निघून जाते? त्याला सल्ला देऊन उपयोग नाही, व्यवस्था करावी लागेल. हंगाम सुरू होताना टोळ्या कारखान्याच्या तळावर उतरतात; तेव्हाच ही दहा मिनिटांची तपासणी, रक्तातली साखर आणि अंगावरचे बधिर चट्टे पाहणं करता येईल. कुष्ठरोगाचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, आणि तंतूची ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले तर ती परत येण्याची आशा असते. हंगाम साधारण तेवढाच असतो. तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ॲमिट्रिप्टिलिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि स्वस्त आहे. उरतं ते एक कार्ड: निदान, औषधाचं नाव, मात्रा आणि पुढची तारीख मराठीत लिहिलेलं. ते मजुराच्या हातात असलं तर कारखान्याच्या तळावर सुरू झालेला उपचार त्याच्या गावचं आरोग्य केंद्र पुढे चालू ठेवू शकेल.